उषाची चोरलेली आठ वर्षं

पडदा वर जातो. चिंचणीतली चिकूची वाडी, सकाळचे नऊ. पडवीत दोन खुर्च्या आणि दोन पोटुशी बाया. उजवीकडे थोरली जाऊ उषा, डावीकडे धाकटी रूपल, वय तेवीस. दोघींच्या मांडीवर आरोग्य उपकेंद्रातून मिळालेली कार्डं. पायरीवर शेजारीण म्हणून मी, एकटी प्रेक्षक.

अठरा वर्षं उषाने मुलाची वाट पाहिली. गावातल्या प्रत्येक बारशाला पाळणा सजवायला हीच पुढे, आणि घरी आली की दोन दिवस कुणाशी बोलायची नाही. शेवटी दिवस गेले, तर त्याच महिन्यात रूपललाही! तिच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले.

"मावशी, मी चालत चालत आले," उषा मला म्हणाली, "आनि हिला मोटरसायकलवरून आनून सोडली."

मोठ्या तपासणीच्या दिवशी जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण चिकटवतात, बाकीच्यांच्या हिरवी. पस्तिशी ओलांडलेली बाई लाल खुणेची. उषा एक्केचाळीसची. पण आधारच्या शिबिरात तिची काटक अंगकाठी बघून कुणीतरी जन्मसाल आठ वर्षं पुढचं टाकलं होतं. नर्स मंजुळाने ते बघून तेहतीस लिहिलं. उषाने चूक सुधारली नाही. रूपलच्या कार्डासारखीच हिरवी खूण घेऊन ती मिरवत घरी आली.

"तुमी बोलायचं नाय हां, मावशी."

मी पन्नाशीपर्यंत रंगमंचावर सोळा वर्षांच्या पोरी उभ्या केल्या. वय चोरण्याचं मला कसलं वावडं? गप्प बसले. ती माझी चूक.

मग शर्यत सुरू झाली. रूपलने दोन भाकऱ्या खाल्ल्या की हिला अडीच. रूपल चिकू वेचायला वाकली की हीही वाकणार. सातव्या महिन्यात हिचे पाय सुजले, चपला चढेनात. नवऱ्याच्या, शैलेशच्या, घालून फिरू लागली. डोकं ठणकायचं. पण रूपलचं काही दुखत नव्हतं, म्हणून हिचंही दुखत नव्हतं.

एके सकाळी वाल सोलताना उषाचे दाणे टोपाबाहेर पडू लागले.

"वयनी, टोप हिकडं हाय."

"दिसतोय मला!"

"डोळ्यांपुढं काय येतंय काय?"

"तुजं तोंड येतंय. सारखं."

रूपलने वाद घातला नाही. नवऱ्याला, भावेशला, हाक मारून रिक्षा आणवली, जावेला दंडाला धरून बसवलं. मीही चढले. तासाभरात आम्ही बोईसरच्या दवाखान्यात होतो.

रक्तदाब एकशे सत्तरवर. डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं आणि कार्ड उलटसुलट पाहिलं. "यावर तेहतीस आहे. खरं आहे का? आईचं वय जास्त असलं की रक्तदाब, साखर, वेळेआधी बाळंतपण, सगळ्याचीच शक्यता वाढते. घाबरवत नाही, लक्ष ठेवलं तर पुष्कळ बाया नीट सुटतात. पण तुमच्या कितीतरी तपासण्या राहून गेल्यात. बाळासाठी विचारतेय."

पुढचं आत्ताच सांगते, तुमच्या जिवाला घोर नको. आठव्या महिन्यात पोट उघडून मुलगी काढली. पावणेदोन किलोची, तीन आठवडे दवाखान्याच्या काचेच्या पेटीत. आता रांगते आणि रूपलच्या मुलाचे केस ओढते.

पण त्या क्षणी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खाटेपाशी रूपल उभी, ओढणीने डोळे पुसत. नेमकी तिच्यासमोर तो आकडा तोंडातून काढायचा! मी चौदा खोल्यांच्या महालातल्या राण्या केल्या, सवती केल्या, पण असं अडलेलं वाक्य कुठल्या अंकात पाहिलं नाही. उषाने पोटावर हात ठेवला.

"एक्केचाळीस. लिवा," ती म्हणाली. मग जावेकडे वळली. "आनि तू गं, रडतेस कशाला? तुलापन एक्केचाळीस होतील कदीतरी."