लिनक्स बसवलं आणि मेंढी गेली

आमच्या घरातला संगणक मी स्वतःच्या हातांनी सुधारला. सुधारल्यावर तो विजेसारखा पळू लागला, कारण वाहून न्यायला त्याच्यात काहीच उरलं नव्हतं.

आधी एक खुलासा. मी हिंजवडीला एका आयटी कंपनीत नोकरीला आहे, हे खरं. पण तिथे माझ्याकडे बसगाड्या आणि कॅन्टीन ही खाती आहेत. कुठली बस कुठल्या थांब्यावर थांबणार आणि पोह्यांत शेंगदाणे का नाहीत, एवढ्यापुरताच माझा तंत्रज्ञानाशी संबंध. पण परभणीकडचे आमचे नातेवाईक मला 'सॉफ्टवेअरमधले मोहनराव' म्हणतात. मी कधी कुणाचं बोलणं तोडत नाही. (माणसानं नम्र असावं.)

घरात संगणकाची खरी गरज होती ती माझ्या बायकोला, स्मिताला. नांदे गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या निम्म्या भागात तिचं भरतकामाचं मशीन आहे. ती संगणकावर डिझाइन बनवायची, पेनड्राइव्हवर घ्यायची, पेनड्राइव्ह मशीनला लावायची, की मशीन खडखड करत ब्लाउजवर मोर काढायचं. बालेवाडीपासून घोटावड्यापर्यंतच्या नवऱ्या मुलींच्या पाठीवर माझ्या बायकोचे मोर आहेत.

पण संगणक म्हातारा झाला होता. सुरू केला की चहा होईपर्यंत जागा व्हायचा नाही. त्यात पडद्यावर सूचना येऊ लागली, की नवीन विंडोज या यंत्रावर चालणार नाही. मी कॅन्टीनमध्ये नितीनला विचारलं. नितीन खराखुरा इंजिनियर.

"विंडोजच्या जागी लिनक्स टाक," तो इडली मोडत म्हणाला. "फुकट आहे. जुनं मशीन घोड्यासारखं पळेल."

"अवघड असतं का?"

"छे! पेनड्राइव्हवर घ्यायचं, लावायचं, 'हो हो' म्हणत जायचं."

'हो हो' म्हणत जाणं हा तर माझा लग्नानंतरचा मुख्य व्यवसाय! मी लगेच तयार झालो.

त्याच सुमारास स्मिताकडे सोनाबाईंचं काम आलं होतं. सोनाबाई घोटावड्याकडच्या, घरी शेळ्यामेंढ्यांचा मोठा कळप. मुलीचं, पूजाचं लग्न. शालूतलाच ब्लाउजपीस घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मोर नगं. मोर समद्यांच्याच पाठीवर हाय. आमच्या पोरीच्या पाठीवर मेंढी पायजे. मेंढरांनीच तिला वाडवलीया."

स्मिता हरखली. असं काम तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रोज जेवणं उरकली की ती मेंढीला बसायची. अंगावरची लोकर कुरळी दिसावी म्हणून एकेक टाका वळवायची. "अहो, डोळे बघा, कसे गरीब आलेत!" असं मला बोलावून दाखवायची. मी "वा वा" म्हणायचो. (मेंढी आणि मी, दोघंही तेव्हा निर्धास्त होतो.)

शनिवारी सकाळी स्मिता मणी आणि जर आणायला पुण्यात रविवार पेठेत गेली. ती येईपर्यंत संगणक घोडा करून ठेवायचा आणि तिला चकित करायचं, असा माझा बेत होता. तो तंतोतंत पार पडला, असं म्हणावं लागेल.

पेनड्राइव्ह शोधला. मशीनला एक लाल पेनड्राइव्ह लटकत होता. लिनक्स त्यावर घेताना सूचना आली: यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल? मी मनात म्हटलं, पेनड्राइव्हवरचं पुसलं गेलं तर गेलं, मूळ डिझाइन संगणकात आहेतच. हो!

मग तो संगणकाला लावला. पुढे प्रश्न: विंडोजच्या शेजारी बसू, की डिस्क पुसून बसू? मी मनात म्हटलं, शेजार कशाला? आधीच एवढंसं घर! आणि डिझाइन 'डी' ड्राइव्हमध्ये आहेत, डिस्कशी त्यांचा काय संबंध? हो!

'डी' हा त्याच डिस्कचा एक कोपरा असतो, हे मला नंतर कळलं. माझ्या आयुष्यात कळण्यासारखं पुष्कळ काही नंतरच कळतं.

संगणक झटक्यात सुरू झाला. पडद्यावर निळेशार डोंगर! मी स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात स्मिताचा फोन आला.

"अहो, मी निघतेय. संध्याकाळी सोनाबाई येणार आहेत. मेंढी मशीनला लावून ठेवाल का? लाल पेनड्राइव्हवर आहे. नाहीतर डी ड्राइव्हमध्ये बघा."

मी डी ड्राइव्ह शोधला. डी नव्हता. सी नव्हता. बाराखडीच गायब होती! घाम पुसत नितीनला फोन लावला.

"अरे, बॅकअप घेतला होतास ना?"

"आहे ना. पेनड्राइव्हवर होता."

"मग झालं तर!"

"त्याच पेनड्राइव्हवर लिनक्स घेतलं."

मग तो म्हणाला, "मी जरा मीटिंगमध्ये आहे." शनिवारी! आणि मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

इथे मी थांबलो असतो, तर ही गोष्ट नुसती दुःखाची झाली असती. पण मला वाटलं, मेंढी ती काय! आपणच काढू. लिनक्सवर भरतकामाचा एक फुकट प्रोग्राम सापडला. मी एक गोल काढला, त्याला चार पाय लावले, तोंड लावलं. पेनड्राइव्ह पुसून (आता पुसण्यात माझा हात बसला होता) त्यावर ही मेंढी चढवली. आणि आधी जुन्या कापडावर काढून बघावं, हा विचार मनात न आणता, शालूतला तो एकुलता एक हिरवा ब्लाउजपीस फ्रेममध्ये ताणून बटण दाबलं.

मशीन खडखडलं. थांबलं. मी वाकून बघितलं. हिरव्या रेशमावर पाय फुटलेला बटाटा होता.

तेवढ्यात दार उघडलं. स्मिता आली, आणि तिच्याबरोबर सोनाबाईही! दोघी फाट्यावर भेटल्या होत्या. मी फ्रेमपुढे आडवा आलो, पण सोनाबाईंची नजर आयुष्यभर कळप मोजणारी. त्यांनी मला बाजूला सारलं.

"ह्ये काय हाय?"

"मेंढी," मी म्हणालो.

"व्हय? जिती का मेल्याली?"

स्मिताने बटाट्याकडे पाहिलं, निळ्या डोंगरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं.

"माझी मेंढी कुठंय?"

"पुसली."

"आणि मोर?"

"सगळंच पुसलं गेलं."

"पेनड्राइव्ह?"

"तोही." ती ओरडेल या तयारीनं मी ओट्याला टेकून उभा होतो. ती ओरडली नाही. माठातून तांब्याभर पाणी घेतलं, सोनाबाईंना नेऊन दिलं, परत आली.

"त्यात माझं पहिलं डिझाइन होतं हो," ती म्हणाली. "एक साधी कोयरी. वाकडी होती, पण ठेवली होती. मला एकदा विचारायचं तरी."

बस, एवढंच. बसचा मार्ग चुकला म्हणून अख्खी कंपनी माझ्यावर ओरडली आहे, पण इतकं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी झालं नव्हतं. मी बाहेर गेलो आणि सोनाबाईंना सगळं सांगून टाकलं. "मावशी, चूक माझी आहे. हिनं फार सुंदर काढली होती. मी घालवली."

सोनाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आमच्यात बी येक बोकड हाय," त्या म्हणाल्या. "नगं त्ये खातुया, आन् मंग आसाच त्वांड पाडून हुबा ऱ्हातुया."

स्मिता फस्सकन हसली. मला बोकड म्हटल्याचा इतका आनंद आयुष्यात पुन्हा होणे नाही!

"मावशी, टाके उसवले तर रेशमाला भोकं दिसतील," स्मिता म्हणाली. "पण याच्यावरच हातानं काम करते. आठवणीतून."

"कर बाई. पर ह्यास्नी लांब बशीव."

मला लांब बसवलं नाही, उलट रविवारभर सुईत दोरा ओवायला बसवलं. स्मिता बटाट्याच्या अंगावर एकेक गाठ मारत होती, गाठीमागून गाठ, आणि बघता बघता त्याला लोकर फुटली. त्याला मान आली, कान आले. डोळ्यांना काळे मणी लावले तेव्हा मेंढी माझ्याकडे मी ओळखीचा असल्यासारखी बघू लागली. मी नजर चुकवली.

सोमवारी सोनाबाई पूजाला घेऊन आल्या. पोरीनं मेंढीवरून बोट फिरवलं. "आई, ही आपली भुरीच हाय गं!" म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. (आमच्या घरात दोन दिवसांत पहिल्यांदाच योग्य गोष्ट पुसली जात होती.)

संगणक दुरुस्तीवाल्यानं नंतर स्मिताला विंडोज परत बसवून दिलं, पुसलेले काही मोरही परत मिळवून दिले. कोयरी मात्र मिळाली नाही. तिनं नवी काढली. ती सरळ आली, म्हणून स्मिताला फारशी आवडली नाही.

लग्नाला आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. मी मंडपात सगळ्यात मागे, खांबाआड बसलो. पण आमच्याकडच्या लग्नांत माइक असतो आणि माइकपासून सुटका नसते. निवेदक गरजला, "आता सत्कार! नवरीच्या पाठीवर जिवंत मेंढी उतरवणारे, नांदे गावचे सुप्रसिद्ध टेलर, मोहनशेठ! त्यांनी व्यासपीठावर यावं!"

मी स्मिताकडे बघितलं. "अगं, तू जा."

"तुमचं नाव घेतलंय," ती पदर तोंडाला लावून म्हणाली. "जा ना, शेठ!"

गेलो. नारळ घेतला, फेटा बांधून घेतला. टाळ्या वाजल्या. कोपऱ्यात उभ्या सोनाबाई तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. 'मी टेलर नाही' असं सांगायला मी तोंड उघडलं. पण मग कोण आहे, असं कुणी विचारलं तर काय सांगणार होतो?

खाली उतरतो न उतरतो, तोच वराकडचे एक आजोबा हात पसरून समोर उभे राहिले. "टेलर, नेहरू शर्ट शिवायचाय. घ्या माप!"

मंडपभर लोक बघत होते. मी वितीनं माप घेतलं.

तेही चुकलं.