मिरचीच्या पथारीवरचं वीरासन

सातवीत मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं, यावर आमच्या घरात दोन मतं होती. शाळा सुटली एवढं मात्र खरं. मग कुणाच्या तरी चिठ्ठीवर मी कोकणातल्या खाडीकाठावरून थेट नंदुरबारला, एका मिरची व्यापाऱ्याच्या पदरी येऊन पडलो. तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेश म्हणवायचा. गाडीतून उतरलो, दोनदा शिंकलो आणि ज्याने पेटी उतरवायला हात दिला त्या अनोळखी गृहस्थाच्या पाया पडलो. उपकार मानायची मला सवयच आहे. भीती वाटली की जरा जास्त मानतो.

गावाबाहेरच्या मोकळ्या रानात शेठची पथारी होती. पथारी म्हणजे ओली लाल मिरची उन्हात पसरून वाळवायची जागा. लांबून पाहिलं तर कुणी लाल लुगडं वाळत घातलंय असं वाटावं. तिथे पन्नासेक बाया दिवसभर फटकी, म्हणजे पांढरी पडलेली मिरची, निवडून बाजूला काढत. माझं काम पुकाऱ्याचं. सकाळी व्यापारी जमले की ढिगाशेजारी उभं राहायचं आणि माल कुठल्या गावचा, कसला, किती पोती, ते खणखणीत आवाजात सांगायचं. बस्स, एवढंच.

तेवढंच मला येईना. दहा माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझा आवाज पोटात जाऊन बसे आणि वर यायचं नाव घेत नसे. शेठ गुजराती वळणाचं मराठी बोलत. आठवडाभर त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "मी बोलणारा माणूस मागितला हुता. पोस्टाने मुका आला. संक्रांतीपर्यंत बघतो. नाय जमला, तर तुझ्या दर्यावर परत."

परत जायचं म्हणजे वडिलांसमोर उभं राहायचं. तिथे तर माझा श्वाससुद्धा पुकारा करत नसे.

माझी ही अवस्था स्टेशनावरच्या एका निवृत्त पार्सलबाबूंनी हेरली. तरुणपणी नर्मदाकाठी कुणा साधूकडून त्यांनी कुंडलिनी योग शिकून घेतला होता. सकाळी धर्मशाळेच्या गच्चीवर ते तो शिकवत. शिष्य एकच, मी.

"पाठीच्या कण्याच्या तळाशी सर्पिणी आहे," बाबूजी म्हणाले. "साडेतीन वेटोळी घालून झोपलीय. तिला उठवायचं."

मी कोकणातला. झोपलेल्या सापाला उठवू नये हे आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात.

"बाबूजी, उठल्यावर ती परत झोपते ना?"

"तू आधी बस."

बसायचं म्हणजे वीरासनात. डावा गुडघा जमिनीला, टाच बैठकीखाली, उजवा गुडघा वर छातीपाशी. डावा हात समोर लांब, अंगठा ताठ, नजर अंगठ्यावर. उजव्या हाताने धनुष्य ओढल्यासारखी मूठ कानापाशी. आणि नाकाने भात्यासारखा श्वास, फस फस फस.

"बाण कुठे धरायचा?" मी विचारलं.

"बाण नाही. म्हणून तर वीर. बाण असल्यावर कुणीही उभं राहील रे." मग माझ्या टेकलेल्या गुडघ्यावर त्यांनी पार्सलवर शिक्का मारावा तशी थाप मारली. "हा खाली कशाला? तर भूमीला सांगायला, की बाई, मी तुझ्या आधाराने आहे. आणि वरचा उठायला तयार आहे म्हणून. वीर पळत नाही, पण पायाला मुंग्या येऊ देत नाही."

मला तर पहिल्याच मिनिटात मुंग्या येत. बाबूजी म्हणत, सिद्धी यायला बारा वर्षं लागतात. संक्रांतीला उरले होते तीन आठवडे.

तरी मी इमानाने केलं. एकदा पाठीत काहीतरी वळवळलं म्हणून किंचाळून उठलो. सदऱ्यात मुंगळा निघाला. बाबूजींनी तोही शुभशकुनात धरला. "कुठेही भीती वाटली तर तिथेच बस," त्यांनी बजावलं. "जागा बघू नकोस."

जागा बघायला हवी होती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पथारीवर व्यापारी गोल करून उभे होते. शेठ हाताची घडी घालून पाहत होते. मी ढिगापाशी गेलो, तोंड उघडलं. आवाज नाही. शेठची मान सावकाश स्टेशनाच्या दिशेला वळली. त्या मानेकडे बघून मला बाबूजींचं बजावणं आठवलं आणि मी होतो तिथेच वीरासनात बसलो. डावा हात समोर, मूठ कानापाशी. माझ्या अंगठ्याच्या रेषेत उभा असलेला जाडा व्यापारी घाईने बाजूला सरकला. बाण नाही हे त्याला कोण सांगणार! मग मी डोळे मिटून भाता सुरू केला. वाळलेल्या मिरचीच्या ढिगापासून वीतभर अंतरावर. फस. फस. फस.

तिसऱ्या श्वासाला सर्पिणी जागी झाली. पाठीत नाही, नाकात. मी असा शिंकलो की ढिगातून लाल धुरळा उठला. त्याने जाडा व्यापारी शिंकला, मग त्याच्या शेजारचा, मग शेठ, मग शेठचं बांधलेलं घोडं.

निवडणाऱ्या बाया हसून लोळायच्या बाकी होत्या. "व माय! हाऊ कोणले मारी ऱ्हायना?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "मिरचीले!"

त्यांच्यातली थोरली मावशी उठून आली. तिने आपल्या नाकावरचं फडकं सोडलं आणि माझ्या नाकातोंडावर करकचून बांधलं. मी उठायला लागलो तर खांदा दाबला. "बस तसाच. आम्ही नही का बठतस दिनभर?"

डोळे पुसून मी पाहिलं. पन्नास बाया, ओळीने. डावा गुडघा खाली, टाच बैठकीखाली, उजवा गुडघा वर. बारा वर्षांची सिद्धी, आणि वरून हात मोकळे!

मावशी ढिगापलीकडे जाऊन माझ्यासमोर तशीच बसली. "त्यास्नाकडे देखू नको. माले सांग. कोणता गावना माल शे?"

मी फडक्याआडून पुटपुटलो.

"काय? ऐकू नही ई ऱ्हायनं!"

जरा मोठ्याने सांगितलं. तिने कानामागे हात धरला. बिचारी बहिरी आहे, म्हातारीला ऐकू गेलंच पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात उरलं. टेकलेल्या गुडघ्यावर सगळा भार टाकला आणि ओरडलो. गाव, माल, पोती, सगळं. पथारीच्या टोकाला कावळे उडाले. व्यापाऱ्यांनी बोली सुरू केली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की पुकारा झालाय.

शेठ नाक पुसत आले. "बसून कर. फडका बांधून कर. पण ते धनुष नको. गिऱ्हाईक बिचकते."

मी आधी मावशीच्या पाया पडलो, मग शेठच्या, मग चुकून घोड्याच्याही. मावशीच्या कानाशी वाकून मी मोठ्याने म्हणालो, "उपकार झाले!" ती दचकलीच. "वरडस काब्रं? मी काय बहिरी शे?"

वीरासनात पुकारा झाला असं बाबूजींना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. सर्पिणी नाकात जागी झाली ते मी गाळलं. त्यांना हात जोडून पथारीवर घेऊन आलो. पन्नास बाया वीरासनात पाहून त्यांनी नमस्कार केला. मावशीने विचारलं, "हाई असं बठीसन काय व्हस, बाबूजी?"

"आतला साप जागा होतो, बाई."

"आठे नको बा," मावशी पथारीकडे बोट करत म्हणाली. "कालच एक मारा आम्ही."

त्या संध्याकाळी मी घरी कार्ड टाकलं, की नोकरी कायम झाली आणि काम बसून करायचं आहे. वडिलांनी गावभर सांगितलं, पोरगा कचेरीत खुर्चीवर लागला. पुढे तेरा वर्षं मी डाव्या गुडघ्यावर पुकारा केला, आणि घरी त्यांना खुर्चीबद्दल कधी काही सांगितलं नाही.