क्लिनची तिसरी कॉफी

इस्मेत, म्हणजे सगळ्यांचा क्लिन, जुम्राकाकूच्या घरात पहिल्यांदा शिरला तो कबुतरं चोरायला. वय वर्षं नऊ. तिच्या नवऱ्याने, घड्याळजी रासिमने, त्याचा कान पिळला आणि जुम्राने त्याला पिता, म्हणजे बटाटा भरून भट्टीत भाजलेली पोळी, खाऊ घातली. पुढे पोरगं पार कामातून गेलं. बाजारात हप्ते घे, कुणाचं हाड मोड, दोनदा तुरुंगात जाऊन ये. मग ब्याण्णव साली युद्ध पेटलं आणि त्यांच्या सारायेव्हो शहराला शत्रूचा वेढा पडला. डोंगरावरून तोफा धडाडू लागल्या तेव्हा शहर राखायला सरकारी सैन्याचा पत्ता नव्हता; गल्लीच्या तोंडाशी बंदूक घेऊन उभा राहिला तो क्लिनच. वर्षभरात त्याच्या हाताखाली तीनशे माणसं जमली, लोक त्याला कमांडर म्हणू लागले. जुम्रानेही त्याला दुवा दिला होता, खोटं कशाला बोला!

पण खोड जाते कुठे? त्याची माणसं दिसेल त्याला रस्त्यावरून उचलून आघाडीवर खंदक खणायला नेऊ लागली. नेलेल्यांतले बरेच जण परतलेच नाहीत. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी क्लिन स्वतः रासिमला न्यायला आला. रासिमला दमा. चार पायऱ्या चढला तरी त्याला धाप लागायची.

दोन शिपाई दारात थांबले. क्लिनने बूट काढले. त्या गल्लीत बूट घालून कोणी घरात येत नाही.

"काकू, यादीत काकांचं नाव आहे. माझा इलाज नाही."

"आधी बस तरी, मेल्या!"

तिने ईदसाठी जपलेली मूठभर खरी कॉफी काढली. एरवी त्यांच्या घरी भाजलेल्या मसुराचीच उकळत होती.

पहिला पेला स्वागताचा, दुसरा गप्पांचा. क्लिन कबुतरं आठवून हसत होता, रासिम घामाने भिजला होता. भीतीने जुम्राला काही सुचेना, तिचे हात सवयीनेच चालले होते. तिसरा पेला क्लिनपुढे ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिसरा पेला म्हणजे 'आता उठा'.

क्लिनने पेल्याकडे बोट दाखवलं. "काकू, मला हाकलतेस?"

चुकून झालं, असं ती म्हणणार होती. तोंडातून निघालं भलतंच.

"हो, हाकलते! तुझी आई असती तर तिनेही हाकललं असतं."

दारातल्या एका शिपायाने बंदूक सावरली. क्लिनने कॉफी एका घोटात संपवली, उठला आणि बूट चढवले.

"म्हाताऱ्याचं काय, कमांडर?" शिपायाने विचारलं.

"कसला म्हातारा? घरात एकटी बाई आहे. चला."

पावलं दूर गेली तशी रासिमने दाराला कडी घातली. दोघं हसता हसता रडली.

त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत, त्याची मनमानी मोडायला, सरकारी सैन्याने क्लिनला घेरलं आणि त्या झटापटीत तो मेला. रेडिओवर बातमी आली. "वाईट वाटतंय रे," जुम्रा म्हणाली, "पण सुटलो एकदाचे."

तिने मसुराची कॉफी उकळली. बोलता बोलता दोन पेले झाले. तिसरा ओतायला ती वाकली तेव्हा रासिमने पेल्यावर हात ठेवला.

"मला नको," तो म्हणाला. "मला इथेच राहायचंय."