गच्चीवरचा चुना

मीटर घेऊन लोकांच्या इमारतींतून हिंडायला लागलं, की आकडे राहतात बाजूला आणि किस्सेच जास्त गोळा होतात! नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशकात आमचं छोटंसं ऑफिस होतं. माणसं दोनच, निकम सर आणि मी. कुठल्या इमारतीत वीज का वाया जाते ते शोधायचं, एवढंच काम. "दिवा इथे लागतो, पण कोळसा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जळतो," हे सर भेटेल त्याला सांगायचे. गावभर लोक ऐकून घ्यायचे. त्यांच्या स्वतःच्या इंदिरानगरच्या सोसायटीत मात्र कोणी दाद देत नव्हतं, आणि ते त्यांना फार लागायचं.

* * *

चांदवडला एका कांदा व्यापाऱ्याच्या ऑफिसात गेलो. आत अंधार! पंखे बंद, फ्रीज बंद, कॉम्प्युटरवर टॉवेल. शेठ घामाघूम होऊन पेपरने वारा घेत बसलेले.

"लाइट गेलेत का?" सरांनी विचारलं.

"नाय ओ! तुम्ही वीज तपासायला येणार म्हणून सकाळधरनं एक बटण दाबू दिलं नाय कुणाला!"

आता मोजायचं काय, कप्पाळ?

* * *

गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसात एसी इतका जोरात, की भर मे महिन्यात सगळा स्टाफ स्वेटर घालून. एसीचा रिमोट साहेबांच्या कपाटात, कुलपात. आणि एसीशेजारची खिडकी सताड उघडी! मला राहवेना.

"ही खिडकी का उघडी ठेवलीय?"

अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या, "अहो, थोडं ऊन नको का आत यायला?"

* * *

कमी वीज खाणारे सीएफएल दिवे नवे होते तेव्हाची गोष्ट. सरांनी हौसेने घरभर लावले. एकदा दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो, तर लख्ख उन्हात दारावरचा दिवा चालू.

"अगं, हा का जळतोय?" सरांनी बायकोला हाक मारून विचारलं.

काकू आतूनच म्हणाल्या, "असू द्या हो. तुम्हीच म्हणालात ना, हा काही खातच नाही!"

सर दोन दिवस कुणाला काही शिकवायला गेले नाहीत.

* * *

शेवटी सरांनी सोसायटीला कसंबसं पटवून गच्चीवर चुना मारून घेतला. पांढऱ्या गच्चीवरून ऊन परत फिरतं, वरच्या मजल्याला कूलर कमी लागतो, हा त्यांचा हिशेब. उन्हाळा सरत आला तसे चेअरमन शिंदेभाऊंनी मीटिंग लावली.

"फरक शून्य! उलट पायाला चुना लागून जिना घाण होतो. खरवडून टाकू."

सरांनी वरच्या खोल्यांचं तापमान वाचून दाखवलं.

"तुम्हाला वाटतं हो तसं," भाऊ म्हणाले. "हां, कोणकोण खरवडायच्या बाजूने?"

हात वर व्हायला लागले. सर मान खाली घालून कागदाची घडी करत होते. मला खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात शिंदेवहिनी कुरडयांचं ताट घेऊन गच्चीवरून तरातरा खाली आल्या.

"आधी माझं ऐका! दरवर्षी कशा कडकडीत वाळायच्या! यंदा बघा, अजून लिबलिबीत. गच्ची तापतच नाही मेली! भर दुपारी अनवाणी फिरतेय मी वर!"

वर गेलेले हात हळूहळू खाली आले.

सर उठले आणि वहिनींना हात जोडून म्हणाले, "वहिनी, पुन्हा एकदा सांगा. भाऊंना नीट ऐकू आलं नाही!"