सातव्या कलमापाशी

गंभीर विषयावर माणसं दर आठवड्याला जमायला लागली, की विषय बाजूला राहतो आणि किस्से साठतात. आमच्या बंगळुरातल्या बसवनगुडीच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत तर इतके साठलेत, की उपासनेनंतरच्या चहाला कोणी नवा आला की त्याच्या हातात बिस्किटाआधी किस्सा पडतो! मी होसकोट्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या चुका गोळा करणं हा माझा पोटाचा धंदा, म्हणून हेही काम आपोआप माझ्याकडे आलं.

आम्ही पंधरा-सोळा कुटुंबं. कोणी नगरचं, कोणी मिरजेचं, कोणी बेळगावचं. रविवारी चार वाजता एका जुन्या घराच्या वरच्या हॉलमध्ये जमतो आणि विश्वासांगीकार वाचतो. म्हणजे काही शतकांपूर्वी युरोपातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ‘आपण नेमकं काय मानतो’ हे कलमवार लिहून काढलं, ते. त्यापायी तेव्हा माणसं तुरुंगात गेली, काही जिवानिशी गेली. आमच्याकडे ते मराठीत, सायक्लोस्टाइल केलेल्या पिवळ्या पानांवर, आप्पांच्या कापडी पिशवीत असतं.

आप्पा म्हणजे आमच्या मंडळीचे वडील. मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठ माणसाला आमच्यात वडील म्हणतात. रेल्वेतून रिटायर झालेले, मूळ बेळगावकडचे, वय अठ्ठ्याहत्तर, आणि आवाज अजूनही प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा.

* * *

पहिला किस्सा माझाच. दुसऱ्याची टोपी उडवण्याआधी आपली काढून ठेवावी, हे बरं.

मी नवा होतो. आप्पांनी ती पिवळी पानं माझ्या हातात ठेवली. मी सवयीनं वरचा उजवा कोपरा बघितला, मागचं पान बघितलं आणि विचारलं, “आप्पा, याची लेटेस्ट रिव्हिजन कुठली?”

“म्हणजे?”

“म्हणजे आमच्या कारखान्यात ड्रॉइंग जुनं झालं की नवा नंबर पडतो. हे तर फारच जुनं दिसतंय.”

आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “ड्रॉइंग कधी बदलता तुम्ही?”

“पार्ट बदलला की.”

“मग माणूस बदलला की सांग. नवा नंबर टाकू!”

त्या दिवसापासून मी रिव्हिजन हा शब्द मंडळीत उच्चारलेला नाही.

* * *

निखिल मूळचा नगरचा. सॉफ्टवेअरमध्ये आहे, बायको प्रिया, आणि आता सहा महिन्यांची मुलगी. तो आला तेव्हा आमची पिवळी पानं बघून त्याला फारच वाईट वाटलं. एका आठवड्यात त्यानं सगळी कलमं ऑफिसच्या एका ॲपमध्ये चढवली. प्रत्येक कलमाला एक माणूस, एक तारीख आणि पुढे रंगीत पट्टी.

“आप्पा, हे बघा, एकदम क्लिअर! प्रत्येकानं आपलं कलम स्टडी करून प्रेझेंट करायचं. तुमच्याकडे पवित्रीकरण दिलंय.”

पवित्रीकरण म्हणजे माणसानं आयुष्यभर, देवाच्या कृपेनं, हळूहळू सुधारत जाणं. आप्पांनी मोबाइल नाकाजवळ धरला. त्यांच्या नावापुढे पिवळी पट्टी होती आणि लिहिलं होतं, ‘काम चालू. मुदत शुक्रवार.’

“शुक्रवार?” आप्पा म्हणाले. “मर्सी, बघ गं, हा पोरगा काय म्हणतोय!”

मर्सीअक्का आप्पांच्या पत्नी. बंगळुरातच जन्मल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं, त्यांनाही कळत नाही. त्यांनी स्क्रीन बघितला आणि निखिलला म्हणाल्या, “लाल पट्टी असते काय रे? उशीर झालेल्याची? ती लाव. मी पन्नास वर्षं वाट बघतेय!”

* * *

आता इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

आमच्यात लहान मुलाचा बाप्तिस्मा करायचा तर आधी आईबापांनी मंडळीसमोर उभं राहायचं. वडील एकेक कलम विचारतात, आणि दोघांनी “हो, माझा विश्वास आहे” म्हणायचं. निखिलच्या मुलीची तारीख ठरली. नगरहून त्याची आई येणार, झबलं शिवून तयार, पाळकांनाही, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूंना, कळवलेलं. आणि आधीच्या रविवारी निखिल उठून उभा राहिला.

“आप्पा, बाकी सगळ्याला हो. पण सातवं मला म्हणता येणार नाही.”

सातवं कलम म्हणजे, जे काही घडतं त्यातलं काहीच देवाच्या हाताबाहेर घडत नाही. निखिलचा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी बाइकवरून येताना हायवेवर गेला. तेवीस वर्षांचा होता. हॉलमधल्या सगळ्यांना हे माहीत होतं, त्यामुळे कोणी कोणाकडे बघितलं नाही.

आप्पांनी पिशवीचा बंद बांधला. मग म्हणाले, “म्हणता येत नसंल तर म्हणू नको. पण आम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नको. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी खोटं हो म्हणायला नकार दिला होता.”

“मग तारीख पुढे ढकलायची का?”

“तारीख तीच,” आप्पा म्हणाले आणि पिशवी उचलून जिना उतरले. याचा अर्थ काय, हे आम्हाला कोणालाच कळलं नाही.

* * *

त्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. निखिलला फोन केला आणि म्हटलं, “अरे, एका वाक्याचा प्रश्न आहे. आई एवढ्या लांबून येतेय. म्हणून टाक की! कोण बघतंय?”

तो शांतपणे म्हणाला, “काका, तुम्ही पार्ट न तपासता सही करता?”

मी फोन ठेवला. कारखान्यात बत्तीस वर्षांत मला इतकं नेमकं कोणी पकडलेलं नव्हतं.

* * *

आमच्या हॉलचे घरमालक अण्णा. खाली राहतात. हिंदू मराठी घराणं, कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांचं मराठी ऐकलं तर पुण्याचा माणूस ‘काय म्हणालात?’ असं दोनदा विचारतो. रविवारी आम्ही वर कलमं म्हणत असतो तेव्हा ते खाली झोपाळ्यावर पेपर वाचतात.

एकदा आप्पांनी घाईत तिसऱ्यावरून पाचव्यावर उडी मारली. आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. तेवढ्यात जिन्यातून पावलं वाजली आणि अण्णा दारात!

“रागावू नका हं,” ते म्हणाले, “पण तुमचं चौथं राहिलं. मी स्वल्प थांबलो, म्हटलं आता येईल, मग येईल. आलंच नाही!”

आप्पांनी पानं खाली ठेवली. “तुम्हाला पाठ आहे?”

“आठ वर्षं खाली बसतोय ना! माझी संध्यासुद्धा मला एवढी पाठ नाही.”

“मग अण्णा,” आप्पांनी डोळा बारीक केला, “विश्वास?”

“पाठ आहे म्हटलं. विश्वास आहे असं कुठं म्हटलं?”

आप्पा आमच्याकडे वळले. “ऐका! तुमच्यातल्या निम्म्यांना या दोन्हींतला फरक अजून कळलेला नाही!”

* * *

अक्कांचा एक छोटासा. पाळक महिन्यातून एकदा बेळगावहून येतात, यशवंतपूर स्टेशनला उतरतात. त्यांना आणायला अक्का रिक्षानं निघाल्या होत्या आणि वाटेत पुटपुटत कलमांची उजळणी चालली होती. ड्रायव्हरनं विचारलं, अम्मा, काय म्हणताय? अक्कांनी त्याला कन्नडमध्ये समजावलं, की माणूस जन्माला कशासाठी आला, याचं उत्तर यात आहे.

ड्रायव्हर तेव्हा एकाच सिग्नलला तिसऱ्यांदा अडकला होता. म्हणाला, “अम्मा, माणसाचं सोडा. हा सिग्नल कशासाठी जन्माला आला, ते यात आहे का बघा!”

अक्का अजूनही म्हणतात, इतका चांगला प्रश्न मंडळीत कोणी विचारलेला नाही.

* * *

आता शेवटचा.

बाप्तिस्म्याचा रविवार. हॉल भरलेला. नगरहून आलेली निखिलची आई पुढच्या बाकावर, तिच्या शेजारी अक्का, आणि अक्कांच्या मांडीवर झबल्यातली मुलगी गाढ झोपलेली. पाळक टेबलाशी. निखिल आणि प्रिया समोर उभे. निखिलच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती, हे मला मागून दिसत होतं.

आप्पांनी विचारायला सुरुवात केली. पहिलं. “हो, माझा विश्वास आहे.” दुसरं. तिसरं. चौथंही आठवणीनं घेतलं. सहाव्यापर्यंत दोघांचे आवाज बरोबर आले.

मग आप्पा थांबले. चष्मा काढला. पिवळी पानं घेऊन थेट माझ्याकडे आले आणि ती माझ्या हातात ठेवली.

“विलास, सातवं तू विचार.”

“मी? आप्पा, हे तर वडिलांचं काम...”

“चौतीस वर्षं मी सातवं लोकांना विचारतोय,” आप्पा म्हणाले. आवाज प्लॅटफॉर्मचा नव्हता, मला जेमतेम ऐकू आला. “पोर गेल्यापासून मला ते कोणी विचारलंच नाही.”

आणि ते जाऊन निखिलच्या शेजारी उभे राहिले.

आप्पा-अक्कांना एक मुलगी होती, रूथ. सहा वर्षांची असताना गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यापुढचं कधी कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी सातवं वाचलं. एक ओळ चुकून दोनदा वाचली. वाचून संपलं. निखिल काही बोलला नाही. आप्पाही काही बोलले नाहीत. प्रिया खाली बघत होती.

उत्तर आलं ते पुढच्या बाकावरून. अक्कांनी मुलीला खांद्यावर घेतलं, उभ्या राहिल्या आणि सातवं कलम पहिल्यापासून शेवटपर्यंत, कागदाशिवाय, एकही शब्द न अडखळता म्हटलं. म्हणताना त्या कोणाकडेही बघत नव्हत्या.

“माझा विश्वास आहे,” त्या म्हणाल्या. “आज निखिलचं आणि आमच्या यांचं, दोघांचंही मीच म्हटलं, असं लिहून घ्या. सरी, झालं! आता पाणी आणा लवकर, पोर उठायच्या आत.”