एक गाल वस्तऱ्याचा

म्हसळ्याच्या पोस्टात खिडकीवर एक कारकून बसायचे. मुंबईच्या मुलानं त्यांना ब्लेडचं मशीन पाठवलं, तेव्हापासून दर रविवारी उजवा गाल ते घरी मशीननं करत. डाव्या गालासाठी मात्र बाजारातल्या न्हाव्यापुढं जाऊन बसत. तो त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त.

सोमवारी मी तिकिटं घ्यायला गेलो की ते खिडकीतून तोंड पुढं करायचे. "मास्तर, हात लावून सांगा. कुठला गाल गुळगुळीत हाय?"

मी दोन्ही गाल चाचपायचो आणि गोंधळायचो. कधी वस्तऱ्याचा सरस वाटे, कधी ब्लेडचा.

"सांगता येत नाही," मी म्हणायचो.

"मला पण न्हाय कळत. अजून बघू." वर्षभर हेच चाललं.

एका सोमवारी मात्र दोन्ही गालांवर खुंट होते आणि त्यांनी काहीच विचारलं नाही. मीच विचारलं, तेव्हा म्हणाले, "न्हावी तापानं पडलाय. काल त्याची दाढी करायला मशीन घेऊन गेलो, तर त्यानं हातच धरला. म्हणाला, वस्तऱ्यानं कर. कधी धरला न्हवता मी वस्तरा. दोनदा कापलं त्याला. तो हूं की चूं न करता पडून राहिला."

त्यांनी हातातला शिक्का शाईच्या गादीवर दाबला.

"वर्षभर मी त्याचा हात मशीनशी ताडून बघत होतो, मास्तर. आता तो उठला, की कुठल्या तोंडानं त्याच्यापुढं बसू?"

मागच्या माणसानं माझ्या खांद्यावरून मनीऑर्डरचा फॉर्म पुढं सरकवला.