गुलाबाखालची लेयर

"डिलीट नका करू, राव. खालच्या लेयरला राहू द्या," काका म्हणायचे आणि माऊस काही हातातून सोडायचे नाहीत.

जुन्नरच्या स्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान. काका माझ्याकडे डिझाइनला होते. आमच्याकडचे फ्लेक्स तुम्ही पाहिले असतीलच. मध्ये वाढदिवसवाला, खाली शुभेच्छुकांच्या तोंडांची रांग. छापायच्या आदल्या दिवशी त्या रांगेत भांडण ठरलेलं. "ह्याला काढा!" असा फोन यायचा. मी लगेच उडवायला निघायचो. काका मला थांबवायचे. कॉम्प्युटरवर चित्रं चादरींसारखी एकावर एक अंथरलेली असतात, त्या लेयर. काका तो फोटो तसाच ठेवून वरच्या लेयरला एखादं फूल टाकायचे. "माणूस जात न्हाई. नुसता झाकतो," म्हणायचे. सकाळी दुसरा फोन हमखास, "मिटलं आमचं. टाका परत." मी कपाळाला हात लावायचो, काका फूल काढायचे.

त्यांच्यासाठी मात्र असा फोन कधी आला नाही. शेती सोडून बोर्ड रंगवायला गेले म्हणून मढ गावातल्या थोरल्या भावानं बोलणं टाकलं, ते टाकलंच. लग्नही झालं नाही. डबा खायचे तो स्क्रीनकडे तोंड करून, त्या सगळ्या हसऱ्या तोंडांसमोर. बघून मला वाईट वाटायचं.

एकदा मढचा एक तरणा गडी स्वतःच्या लग्नाचा फ्लेक्स करायला आला. घरच्यांचे अकरा फोटो दिले. काकांनी गोल आखले बारा.

"काका, एक गोल जास्त झालाय की," तो गडी म्हणाला.

"झाला खरा."

"मोकळं बरं न्हाई दिसत. गुलाब टाका तिथं."

काकांनी गुलाब टाकला. तो गेल्यावर हळूच म्हणाले, "थोरल्याचा पोरगा. वळखलं न्हाई मला."

"अहो, मग सांगायचं ना!" मी भडकलोच.

"काय सांगायचं? रांगेत मी न्हवतोच."

गेल्या थंडीत काका झोपेतच गेले. मढला निरोप धाडला, तर सगळं घर आलं. दहाव्याच्या फ्लेक्ससाठी तोच पुतण्या दुकानात. डोळे लाल. "आमच्याकडं त्यांचा एकबी फोटो न्हाई. तुमच्याकडं हाय का?"

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? तरी शोधलं. कुठंच नव्हता.

"मग नुसती आम्हा घरच्यांची नावंच छापा. माझ्या लग्नाच्या फाइलीत हायेत सगळ्यांची."

ती फाइल उघडली. लेयरच्या यादीत फोटो बारा होते. मी गुलाब बाजूला सरकवला.

खाली काका होते. दाढी केलेली, केस पाण्यानं बसवलेले, इस्त्रीचा शर्ट. स्टुडिओत जाऊन मुद्दाम काढलेला फोटो. म्हणजे त्या लग्नात मांडवाबाहेरच्या फ्लेक्सवर, गुलाबाखाली, काकाही उभे होते.

पुतण्या खुर्चीवर बसला. "गुलाब मीच टाकायला लावला व्हता," म्हणाला.

मी गुलाब डिलीट केला.